माफी मागून झाल्यावर

१८ जून १९६३ च्या रात्री लिव्हरपूलजवळ हायटनमध्ये पॉल मॅकार्टनीच्या एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी चालली होती. त्याच्या आत्याच्या घरामागे मांडव घातला होता. त्याच्या बीटल्स या बँडचं नाव तेव्हा इंग्लंडभर नुकतं होऊ लागलं होतं. कॅव्हर्न क्लबात या पोरांना लोकांपुढे आणणारा निवेदक बॉब वूलरही आला होता. बँडमधला जॉन लेनन काही आठवड्यांपूर्वीच मॅनेजर ब्रायन एपस्टाइनबरोबर स्पेनला सुट्टी घालवून परतला होता. त्यावरून वूलर काहीतरी टोचून बोलला आणि प्यालेल्या लेननने त्याला बेदम मारलं. वूलरला इस्पितळात न्यावं लागलं. तीन दिवसांनी ‘डेली मिरर’मध्ये बातमी आली ती लेननच्या माफीची. वूलरला माफीची तार गेली, दोनशे पौंड मिळाले, प्रकरण मिटलं.

छापून आलेले ते पश्चात्तापाचे शब्द मात्र लेननचे नव्हतेच. बीटल्सची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या टोनी बॅरोने पुढे उघडपणे सांगितलं, की लेनन फोनवर माफी मागायला साफ नकार देत होता, वूलरला मार मिळाला ते बरंच झालं म्हणत होता. तेव्हा बॅरोनेच ‘मिरर’च्या वार्ताहराला ते शब्द रचून दिले. वूलरचे सुजलेले डोळे आणि लेननचा राग यांच्यामध्ये एक पगारी माणूस उभा राहिला आणि वाचकांनी त्याचे शब्द लेननचे म्हणून वाचले.

मी बीटल्सची जाणकार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन एका पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला समुपदेशन केंद्रात नोकरीला लागले आणि त्याच कामातून निवृत्त झाले. आमच्याकडे या कामाची घडी बसली ती मुंबईत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि समाजकार्यकर्तीने पोलिसांच्या आवारातच बसून काम करायचं ही पद्धत तिथून राज्यभर गेली. म्हणजे माफी ऐकणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. मोठ्या नटाने किंवा गायकाने बायकोला, मैत्रिणीला, सहकाऱ्याला मारलं आणि मग कॅमेऱ्यासमोर माफी मागितली, अशी बातमी आली की माझं लक्ष आपोआप तिकडे जातं. हातातलं काम बाजूला ठेवून मी ती माफी पुरती ऐकते.

आमच्याकडे माफी स्टॅम्पपेपरवर यायची. नवऱ्याला बोलावलं जायचं, तो भावाला नाहीतर गल्लीतल्या कुणा वजनदार माणसाला घेऊन यायचा. हमीपत्राचा मजकूर ठरलेला: यापुढे पत्नीस मारहाण व शिवीगाळ करणार नाही, केल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी जबाबदार राहीन. खाली सही, दोन साक्षीदार. एक माणूस मला अजून आठवतो. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. आत आल्या आल्या तो इन्स्पेक्टर साहेबांपुढे वाकला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, चुकलं माझं, पदरात घ्या.” बायको भिंतीकडच्या बाकावर बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. तिच्याकडे त्याने एकदाही मान वळवली नाही. आमच्या ज्येष्ठ सहकारी, त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणायचो, त्या म्हणाल्या, “दादा, साहेबांना कुठे मारलंत? ज्यांना मारलंत त्या तिकडे बसल्यात.” मग त्याने तिच्याकडे पाहून चार शब्द म्हटले. ताईंचं समाधान झालं नाही. त्यांनी विचारलं, “यांचं एटीएम कार्ड कुणाकडे असतं?” ते त्याच्या शर्टाच्या खिशातून निघालं. ती एका शाळेत शिपाई होती, पगार तिचा, कार्ड त्याच्याकडे. ताईंनी ते टेबलावर ठेवायला लावलं आणि हमीपत्रात तेवढी एक ओळ वाढवली.

ही पद्धत मी ताईंकडून शिकले. माफीचा मजकूर आम्ही एकदाच वाचायचो. खरं काम पुढच्या रजिस्टरचं असायचं: पंधरा दिवसांनी फोन, मग गृहभेट, मग परत फोन. कार्ड तिच्याकडे आहे का, माहेरी बोलू देतो का, दारू किती, पोरं बाप घरात आला की कुठे जातात. पुष्कळदा दोन महिने बरे जायचे आणि मग ये रे माझ्या मागल्या. काही पुरुष मात्र खरंच बदललेही. हेही रजिस्टरमध्येच दिसायचं.

प्रसिद्ध माणसांच्या माफीचं असं रजिस्टर सहसा कुणी ठेवत नाही. ही माफी मागण्याची रीतच मुळात त्यासाठी जन्मलेली नाही. तिचं मूळ शोधायला गेलं तर ते अमेरिकेतल्या चित्रपटधंद्याच्या करारपत्रांत सापडतं. १९२१ मध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलवर एका तरुणीच्या मृत्यूचा आरोप आला आणि त्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीने नटांच्या करारात नैतिकतेचं कलम घातलं. लोकांच्या मनातून उतरेल असं वागलात तर पगार बंद. आर्बकल पुढे निर्दोष सुटला, पण कलम राहिलं, इतर कंपन्यांनीही उचललं. तेव्हापासून नटाची मारहाण हा आधी कंपनीच्या नुकसानीचा प्रश्न झाला. स्टुडिओंच्या भरभराटीच्या काळात त्यावरचा उपाय माफी हा नव्हता, गुपचूप मिटवणं हा होता. एमजीएममध्ये प्रसिद्धीखात्याचा प्रमुख हॉवर्ड स्ट्रिकलिंग आणि व्यवस्थापक एडी मॅनिक्स ही जोडगोळी याच कामासाठी ओळखली जायची. बातमीच बाहेर येणार नसेल तर माफी मागायची कशाला?

आणि घरातल्या मारहाणीची तर बातमीही होत नसे. जेम्स बाँड साकारणाऱ्या शॉन कॉनरीने १९६५ मध्ये ‘प्लेबॉय’च्या मुलाखतीत बाईला मारण्यात विशेष काही गैर नाही असं सांगितलं. त्याच्या लोकप्रियतेवर त्याचा ओरखडाही उठला नाही. १९८७ मध्ये बार्बरा वॉल्टर्सने टीव्हीवर त्याला त्या विधानाची आठवण करून दिली, तेव्हा त्याने आपलं मत बदललेलं नाही असं सांगितलं. ज्या समाजात ही गोष्ट मुलाखतीत सहज सांगता येते, तिथे माफीला गिऱ्हाईकच नसतं.

हे बदललं ते मार खाणाऱ्या बाईने तोंड उघडल्यावर. जुलै १९७६ मध्ये डॅलसमध्ये गायिका टीना टर्नर नवऱ्याला, आइकला, हॉटेलात झोपलेला सोडून बाहेर पडली, वाहता महामार्ग ओलांडून दुसऱ्या हॉटेलात गेली. पदरात ३६ सेंट आणि पेट्रोल कंपनीचं एक कार्ड. १९७८ मध्ये घटस्फोट झाला. तिने मालमत्तेवर पाणी सोडलं आणि स्वतःचं रंगमंचावरचं नाव तेवढं ठेवून घेतलं. १९८१ मध्ये तिने ‘पीपल’ मासिकाला सगळं सांगितलं, १९८६ मध्ये आत्मचरित्र आलं, १९९३ मध्ये त्यावर चित्रपट. आइक टर्नरने १९९९ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. त्यात त्याने थपडा मारल्याचं, तिला ठोसा मारून खाली पाडल्याचंही मान्य केलं, आणि त्याच दमात आपण तिला मारहाण कधी केली नाही असंही लिहिलं. हे वाक्य मी आमच्या केंद्रात इतक्या पुरुषांकडून ऐकलं आहे की आइक टर्नर मला परदेशी वाटतच नाही. “मॅडम, एखादी चापट मारली असेल, मारहाण नाही.” २००७ मध्ये आइकला संगीतातला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो वारला.

लेननचं इथे आणखी थोडं सांगायला हवं, कारण तो वूलरच्या प्रकरणावरून वाटतो तितका सरळ हिशेब नाही. त्याची पहिली बायको सिंथिया हिने लिहिलं आहे, की कॉलेजात असताना ती दुसऱ्या एका मुलाबरोबर नाचली म्हणून लेननने तिला मारलं. तिने तिथल्या तिथे संबंध तोडले. तीन महिन्यांनी त्याने फोन करून माफी मागितली, आणि त्यानंतर त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही. शब्दांनी मात्र पुष्कळ दुखावलं. म्हणजे ‘मिरर’मध्ये देशभर गाजलेली माफी बनावट होती, आणि वर्तमानपत्रात कधीच न आलेली माफी त्याने हातापुरती तरी पाळली. १९८० मध्ये, मरण्याच्या थोडं आधी, त्याने एका मुलाखतीत आपण बायकांना मारत होतो हे स्वतःहून कबूल केलं, आणि त्या काळी आपण त्यांच्याशी कसे वागलो ते चारचौघांत मांडायला आपल्याला अजून पुष्कळ वय व्हावं लागेल असंही सांगितलं. तेवढं आयुष्य त्याला मिळालं नाही. पण तेव्हा ही कबुली त्याच्याकडून कुणी मागितली नव्हती आणि न देण्याने त्याचं काही बिघडणार नव्हतं. म्हणून मी तिला मोल देते.

आता ज्या माफीसाठी मी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते. ८ फेब्रुवारी २००९ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क भागात भाड्याच्या लँबोर्गिनीत गायक ख्रिस ब्राउनने त्याच्या मैत्रिणीला, गायिका रिहानाला मारलं. तो १९ वर्षांचा, ती २० ची. त्याच संध्याकाळी दोघांनाही ग्रॅमी सोहळ्यात गायचं होतं. दोघंही गेले नाहीत. तिच्या सुजलेल्या चेहऱ्याचा पोलिसांनी काढलेला फोटो फुटला आणि जगभर फिरला. आठवड्याभरात ब्राउनचं निवेदन आलं. जूनमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. २० जुलैला दोन मिनिटांचा व्हिडिओ आला.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, प्रशिक्षणात नवीन मुलींना दाखवलाही आहे. शब्दांत बोट ठेवायला जागा नाही. तो रिहानाचं नाव घेतो. केल्याची जबाबदारी घेतो. मारहाण होत असलेल्या घरात आपण वाढलो, आवरता न येणारा राग काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणतो. मदत घेतो आहे म्हणतो. पुढे आपण अनुकरण करण्याजोगं वागू असं वचन देतो. मला त्या मुलाची तेव्हा खरोखर कणव आली. आई मार खाताना पलंगाखाली लपलेली पोरं मी पाहिली आहेत, त्यातली काही मोठी होऊन आमच्याच टेबलासमोर नवरा म्हणून उभी राहिलेलीही पाहिली आहेत.

त्याच्या बाबतीत नशिबाने, किंवा न्यायालयाच्या शहाणपणाने, रजिस्टर होतं. २५ ऑगस्ट २००९ ला शिक्षा झाली: पाच वर्षांचं प्रोबेशन, कौटुंबिक हिंसेवरचा ५२ आठवड्यांचा समुपदेशन वर्ग, आणि त्याच्या व्हर्जिनिया राज्यात सुमारे १४०० तास अंगमेहनतीचं काम. रिहानापासून ५० यार्ड दूर राहायचं, धंद्याच्या कार्यक्रमात १० यार्ड. कुठल्याही नामवंताच्या माफीला इतकी मोजता येणारी शेपटी क्वचितच लागते. आता ती शेपटी पाहू.

५२ आठवड्यांचा वर्ग त्याने पुरा केला. न्यायाधीशांनी त्याच्या प्रगतीबद्दल कौतुकही केलं, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये दूर राहण्याचा आदेश सैल झाला. रिहानाच्या बाजूने हरकत आली नाही. हे त्याच्या खात्यावर जमा धरायलाच हवं.

पुढच्याच महिन्यात, २२ मार्च २०११ ला, तो नवीन अल्बमच्या प्रसिद्धीसाठी न्यूयॉर्कला ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या कार्यक्रमात गेला. निवेदिका रॉबिन रॉबर्ट्सने २००९ च्या घटनेबद्दल विचारलं. त्याला ते आवडलं नाही. मुलाखत संपल्यावर मेकअपच्या खोलीत त्याने धिंगाणा घातला, खिडकीची काच फुटली आणि तो शर्ट काढून इमारतीबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका टीव्ही कार्यक्रमात त्याने याचीही माफी मागितली. तो अल्बम पहिल्याच आठवड्यात सुमारे २,७०,००० प्रती खपून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचा असा तो पहिलाच.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रॅमीने त्याला रंगमंचावर परत आणलं आणि त्याच अल्बमला पुरस्कार दिला. सोहळ्याच्या निर्मात्याने तेव्हा काय सांगितलं ते वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. माणसाला दुसरी संधी मिळायला हवी, इथपर्यंत ठीक. पण २००९ च्या घटनेत एका अर्थी ग्रॅमी सोहळाच बळी ठरला होता, असंही तो म्हणाला. ऐन दिवशी दोन गायक गळाले, कार्यक्रम बदलावा लागला, म्हणून. इन्स्पेक्टर साहेबांपुढे वाकलेला तो इस्त्रीच्या शर्टवाला माणूस आणि हा निर्माता यांच्यात मला फरक दिसत नाही. नुकसान कुणाचं झालं हे ठरवताना दोघांनाही बाकावरची बाई दिसली नाही.

मग तासांचा हिशेब निघाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी न्यायालयात अर्ज केला, की व्हर्जिनियातून आलेल्या कामाच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. काम ज्या ठिकाणी केल्याचं दाखवलं त्यातलं एक पाळणाघर होतं आणि ब्राउनच्या आईने पूर्वी ते चालवलं होतं. काही नोंदी ज्या दिवसांच्या होत्या त्या दिवशी तो भलतीकडेच होता, असंही वकिलांचं म्हणणं. ब्राउनच्या वकिलाने हे सारं नाकारलं, आणि गैरप्रकार झाला असा निकाल न्यायालयाने दिला नाही. पण ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी आणखी १००० तास काम करायला सांगितलं, या वेळी लॉस एंजेलिसमध्ये, नजरेखाली. ज्याने फॉलो-अपचं रजिस्टर भरलं आहे त्याला यातलं सगळं समजतं. आमच्याकडेही वर्गाला हजर असल्याच्या सह्या चुलत्याने केलेल्या सापडायच्या.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलबाहेर त्याने एका माणसाला ठोसा मारला. फोटो काढण्यावरून सुरू झालेली कुरबुर. पुढच्या वर्षी तो गुन्हाही त्याने कबूल केला. मधल्या काळात न्यायालयाने रागावरच्या उपचारांसाठी केंद्रात पाठवलं, मार्च २०१४ मध्ये तिथून नियम मोडल्याबद्दल काढून टाकलं, तुरुंगात रवानगी झाली, जूनमध्ये सुटका. मार्च २०१५ मध्ये २००९ चं प्रोबेशन अखेर संपलं. पाच वर्षांचं काम साडेपाचांवर गेलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा न मिळाल्याने दौरा रद्द झाला. जून २०१७ मध्ये त्याची आधीची मैत्रीण, अभिनेत्री करुएची ट्रॅन, हिला त्याच्यापासून संरक्षण म्हणून न्यायालयाने पाच वर्षांचा मनाई आदेश दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पुन्हा ग्रॅमी मिळालं.

रिहाना २०१२–१३ मध्ये काही काळ त्याच्याकडे परत गेली होती, हे सांगून लोक अजूनही मला गप्प करायला पाहतात. तिलाच चालतं तर तुमचं काय, असं. बाई परत जाते म्हणून मार खरा नव्हता किंवा माफी खरी ठरली, असं होत नाही. आमच्याकडच्या बायका परत जायच्या, पुन्हा यायच्या, पुन्हा जायच्या, आणि प्रत्येक वेळी अर्ज नव्याने लिहून घेणं हे आमचं काम होतं. ताई कुणालाही “मागच्या वेळी सांगितलं होतं ना” असं म्हणू देत नसत.

रे राइसचं प्रकरण मला याहून जास्त छळतं. बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा हा फुटबॉलपटू. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका कसिनोत लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला, जनेला, ठोसा मारून बेशुद्ध पाडलं आणि फरफटत बाहेर आणलं. मार्चमध्ये त्याच्यावर आरोप ठेवला गेला, दुसऱ्याच दिवशी दोघांचं लग्न झालं. २३ मे रोजी संघाच्या कार्यालयात पत्रकार परिषद. जने शेजारी बसलेली. राइसने संघाच्या मालकाची माफी मागितली, व्यवस्थापकाची मागितली, प्रशिक्षकाची मागितली. पडणं म्हणजे अपयश नव्हे, पडून न उठणं हे अपयश, असंही त्याने ऐकवलं. लिफ्टच्या जमिनीवर जी पडली होती ती त्याच्या हाताच्या अंतरावर बसली होती. तिलाही बोलायला लावलं, आणि त्या रात्रीच्या प्रकारात आपलाही वाटा होता याचं तिला वाईट वाटतं, हे संघाने आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावरून जगाला कळवलं. आमच्या केंद्रात सासरच्या मंडळींकडून हे वाक्य यायचं. “तिनेपण माफी मागावी म्हणजे मिटलं.”

जुलैमध्ये एनएफएल या फुटबॉल लीगने त्याला दोन सामन्यांची बंदी घातली. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रण बाहेर आलं. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं आणि लीगने बेमुदत निलंबित केलं. ठोसा फेब्रुवारीपासून तोच होता, सप्टेंबरमध्ये फक्त तो दिसला. नोव्हेंबरमध्ये निलंबन अपिलात उठलं, तरी त्याला कुठल्याही संघाने घेतलं नाही. वय २७. न्यायालयाने घालून दिलेला कार्यक्रम त्याने पुरा केला आणि मे २०१५ मध्ये आरोप रद्द झाले. तेव्हापासून तो शाळा-कॉलेजांत, खेळाडूंच्या संघांपुढे जाऊन या एका विषयावर बोलत आला आहे. पुन्हा खेळायला मिळालं तर त्या वर्षाचा सगळा पगार कौटुंबिक हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना देईन, असं त्याने २०१६ मध्ये जाहीर केलं. संधी आली नाही. संसार टिकला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रेव्हन्सने त्याला मैदानावर बोलावून जुना मानकरी म्हणून सन्मान केला, आणि त्यावर बाल्टिमोरमध्ये पुष्कळ वाद झाला. सन्मान द्यावा का, याबद्दल माझं मन अजून साशंक आहे. पण त्याच्या वागण्याबद्दल मी तेवढी साशंक नाही. त्याची पहिली माफी मी ऐकलेल्या वाईट माफ्यांपैकी एक होती, आणि त्यानंतरचं वागणं या सगळ्यांत बरं. इतर सगळे जिथून उठून पुन्हा कमाईला लागले तिथे त्याची कमाई थांबली होती. बदलायला त्याला तेवढा वेळ मिळाला, असं मला वाटतं.

नट विल स्मिथच्या थपडेवर फार लिहून झालं आहे. मला त्यातला एकच क्रम महत्त्वाचा वाटतो. २७ मार्च २०२२ ला ऑस्करच्या रंगमंचावर त्याने विनोदवीर ख्रिस रॉकला मारलं, थोड्याच वेळात पुरस्कार घेताना अकादमीची माफी मागितली, बरोबर नामांकन मिळालेल्यांची मागितली, रॉकची नाही. रॉकचं नाव दुसऱ्या दिवशी आलं. मग त्याने अकादमीचा राजीनामा दिला आणि दहा वर्षांची बंदी निमूट मान्य केली. त्या थपडेचं एवढं तरी मोल चुकवलं गेलं, कारण कोट्यवधी लोकांनी ती थेट पाहिली होती.

आणि शेवटी रॅपर शॉन कोंब्स, म्हणजे डिडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची पूर्वीची मैत्रीण, गायिका कॅसी, हिने त्याच्यावर मारहाणीचा आणि लैंगिक छळाचा दावा लावला. दावा दुसऱ्या दिवशी पैसे देऊन मिटला. आकडा दोन कोटी डॉलर, हे कॅसीने पुढे साक्षीत सांगितलं. डिसेंबरमध्ये, आणखी आरोप आल्यावर, कोंब्सने जाहीर निवेदन काढलं: सांगितलं जातंय त्यातलं मी काहीही केलेलं नाही. १७ मे २०२४ ला सीएनएनने लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलातलं मार्च २०१६ चं चित्रण दाखवलं. कमरेला टॉवेल गुंडाळलेला कोंब्स लिफ्टकडे निघालेल्या कॅसीमागे धावतो, तिला खाली पाडतो, लाथा घालतो, ओढत नेतो. दोन दिवसांनी त्याचा माफीचा व्हिडिओ आला. संपूर्ण जबाबदारी घेतो, तेव्हाही मला स्वतःची किळस आली होती, मी उपचार घेतले, असं तो म्हणतो. कॅसीचं नाव त्यात नाही.

तेव्हा, म्हणजे २०१६ मध्ये, त्याने नेमकं काय केलं होतं ते त्याच्यावरच्या २०२५ च्या फौजदारी खटल्यात कळलं. हॉटेलच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने साक्ष दिली, की ते चित्रण आपल्याकडून विकत घेण्यासाठी कोंब्सने एक लाख डॉलर रोख मोजले. आणि दुसऱ्या एका मैत्रिणीने, नाव न उघडता, साक्ष दिली, की जून २०२४ मध्ये त्याने तिच्या घराची दारं लाथांनी फोडून तिला मारलं. माफीच्या व्हिडिओला तेव्हा एक महिना झाला होता. निकालानंतर जामीन नाकारताना न्यायाधीश अरुण सुब्रमण्यन यांनी याच जूनच्या घटनेवर बोट ठेवलं. चौकशी चालू आहे, घरांवर छापे पडून गेले आहेत, हे ठाऊक असतानाही हा माणूस थांबला नाही. ज्युरीने त्याला सर्वांत गंभीर आरोपांतून सोडलं होतं, वेश्याव्यवसायासाठी व्यक्तींची ने-आण केल्याच्या दोन आरोपांत दोषी धरलं होतं. ३ ऑक्टोबर २०२५ ला शिक्षा सुनावण्याआधी कोंब्सने न्यायालयात पुन्हा माफी मागितली, या वेळी कॅसीचं नाव घेऊन. सरकारी वकिलांनी त्याच सुनावणीत सांगितलं, की पुढच्याच आठवड्यात मायामीत व्याख्यानं देण्याचा कार्यक्रम त्याने आधीच ठरवून ठेवला होता. शिक्षा झाली पन्नास महिन्यांची.

या सगळ्यांकडे पाहून माझं मत काय, असं नव्या मुली विचारतात. माझं मत असं, की ख्रिस ब्राउनने आपली माफी वागण्यातून खरी केली नाही. कोंब्सची माफी मागताना खोटी होती. स्मिथने मोल चुकवलं, पण ते अकादमीला. राइसने पुष्कळसं केलं, आणि ते करताना त्याच्यावर कॅमेरा नव्हता. पण यातलं कुठलंही मत मी माफीचे शब्द ऐकून बनवलेलं नाही. प्रोबेशनचे तास, साक्षी, मनाई आदेश, तारखा यांवरून बनवलं आहे. हे कागद अमेरिकेतल्या न्यायालयांनी उघडे ठेवले म्हणून मला इतक्या दुरून वाचता आले. पुरस्कार देणाऱ्यांना, तिकिटं विकणाऱ्यांना ते जवळून वाचता येत होते.

म्हणून माझी विनंती वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांत काम करणाऱ्यांना आहे. एखाद्या कलावंताच्या, खेळाडूच्या माफीची बातमी तुम्ही पहिल्या पानावर छापता तेव्हा डायरीत सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा, आणि त्या दिवशी पहिला फोन जिला किंवा ज्याला मारलं होतं त्या माणसाला करा. बोलायचं नसेल तर ते फोन ठेवतील. बोलले तर ती बातमीही पहिल्या पानावर छापा.